कन्व्हर्टर बदलला, आणि १७ अश्वशक्ती गेली कुठे?

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील संत्रा बागायतदार आहे, पूर्वी शाळेत विज्ञान शिकवीत असे. माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो आणि आपली जुनी, आठ सिलिंडरची, मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी हौसेने पाव मैलाच्या शर्यतीत पळवतो. गेल्या वर्षी त्याने इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा मूळचा टॉर्क कन्व्हर्टर काढून व्यासाने लहान आणि जास्त ‘स्टॉल’ वेगाचा (चाके अडवून धरली असता इंजिन जितक्या फेऱ्यांपर्यंत चढून अडते, तो वेग) कन्व्हर्टर बसवला. पहिल्याचा स्टॉल वेग मिनिटाला २२०० फेऱ्या सांगितला जात होता, नव्याचा ३६०० सांगितला आहे. इंजिनाला त्याने हात लावलेला नाही. तरीही त्याच रोलरवर (चाकांखाली रोलर ठेवून शक्ती मोजणाऱ्या डायनो यंत्रावर) चाकांवरची शक्ती ३७२ अश्वशक्तीवरून ३५५ वर उतरली आणि आलेखाच्या सुरुवातीला पूर्वी नसलेला टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, मोठा उंचवटा दिसू लागला. गंमत अशी, की पाव मैलाची वेळ मात्र १२.९ सेकंदांवरून १२.५ सेकंदांवर आली. दिवाळीत तो गावी आला तेव्हा आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे असे, की कन्व्हर्टर टॉर्क वाढवतो, म्हणून शक्तीही वाढायला हवी, आणि ती घटली याचा अर्थ इंजिन बिघडले किंवा मापणाऱ्याने गडबड केली. माझे म्हणणे असे, की फुकटची शक्ती कोणतेही यंत्र देत नाही. त्याने दिलेल्या नोंदी सोबत पाठवीत आहे : दोन्ही वेळा तिसरा गिअर, म्हणजे एकास एक, डिफरन्शिअलचे गुणोत्तर ३.७३, टायरचा परीघ २.०७ मीटर, आणि इंजिन ५८०० फेऱ्यांवर असताना रोलरवरचा वेग पूर्वी ताशी १८५ किलोमीटर, आता १७७. इंजिनाच्या फेऱ्या त्याने गाडीच्या स्वतःच्या संगणकावरून टिपल्या आहेत. कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच, म्हणजे लॉकअप, दोन्ही वेळा बंद होते.

उत्तर : वादात आपली बाजू बरोबर आहे, आणि पुतण्याची गाडीही ठणठणीत आहे. आपण पाठवलेल्या नोंदींमध्येच उत्तर दडलेले आहे. अशा नोंदी ठेवणारा पुतण्या कौतुकास पात्र आहे, कारण बहुतेक पत्रांत आम्हाला केवळ शेवटचा एक आकडा आणि त्यावरचा संताप एवढेच मिळते.

प्रथम यंत्र समजून घेऊ. शेततळे खोदायला किंवा मुरूम भरायला आलेला जेसीबी आपण पाहिला असेल. पुढची बकेट मुरमाच्या ढिगात घुसते, चाके जवळजवळ जागच्या जागी थांबतात, इंजिन गुरगुरत राहते, पण बंद पडत नाही. साध्या क्लचच्या ट्रॅक्टरवर हाच प्रयोग केला तर इंजिन मान टाकते. फरक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाचा लोखंडाशी जोड नसतो, तेलाचा असतो. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो, समोरचे टर्बाइन ते तेल झेलून फिरते आणि दोघांच्या मध्ये बसवलेला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवून पुन्हा इम्पेलरकडे सोडतो. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजातील वाफेच्या टर्बाइनची शक्ती पंख्यापर्यंत पोचवण्यासाठी. मोटारीत ते यायला पुढे काही दशके जावी लागली.

इम्पेलर हा शब्द विहिरीवरच्या पंपामुळे आपल्या परिचयाचा आहे, आणि पंपाचा नियमच येथेही चालतो. इम्पेलर किती टॉर्क पेलू शकतो हे त्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात ठरते. पाचवा घात म्हणजे व्यासातला थोडासा फरकही फार मोठा परिणाम करतो. व्यास दहा टक्क्यांनी कमी केला तर त्याच फेऱ्यांवर पेलला जाणारा टॉर्क ४१ टक्क्यांनी घटतो, आणि इंजिनाचा तोच टॉर्क पेलण्यासाठी इम्पेलरला अधिक फेऱ्या घ्याव्या लागतात. लहान कन्व्हर्टरचा स्टॉल वेग जास्त असतो तो यामुळे. पात्यांचे कोन बदलूनही तो कमी-जास्त करता येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की डब्यावर लिहिलेला ३६०० हा आकडा त्या कन्व्हर्टरचा जन्मजात गुण नसून कोणत्या तरी गृहीत धरलेल्या इंजिनापुरता खरा असतो. स्टॉल वेग इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. एका इंजिनामागे २२०० वर अडणारा कन्व्हर्टर दुप्पट टॉर्कच्या इंजिनामागे ३१०० च्या आसपास अडेल.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे येऊ. कन्व्हर्टर टॉर्क वाढवतो हे खरेच आहे. टर्बाइन थांबलेले किंवा फार मंद असते तेव्हा स्टेटरमुळे टॉर्क साधारणतः पावणेदोन ते अडीच पट होतो. पण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. चिखलात चाकाच्या आरीपर्यंत रुतलेल्या बंडीला बैल जीव तोडून ओढत असतात, तेव्हा ओढ कमाल असते आणि पुढे सरकलेले अंतर शून्य असते. तसेच पूर्ण स्टॉलवर टर्बाइनवरचा टॉर्क कमाल असतो आणि चाकांकडे जाणारी शक्ती शून्य. टॉर्कची वाढ नेहमी फेऱ्या गमावूनच मिळते, आणि त्या सौद्यात काही भाग तेल तापवण्यात जातोच. टर्बाइनच्या फेऱ्या इम्पेलरच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत पोचल्या, की स्टेटर आपल्या एकदिशा क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्कची वाढ संपते. त्यानंतर कन्व्हर्टर हा निव्वळ घसरणारा जोड उरतो. मळणीयंत्राचा सैल पट्टा पुलीवर घसरतो तेव्हा जेवढ्या टक्के फेऱ्या हरवतात तेवढ्याच टक्के शक्ती उष्णता होऊन जाते. इंजिन वरच्या फेऱ्यांत असताना कन्व्हर्टरचा हिशेब अगदी तसाच असतो. डायनोवर कमाल अश्वशक्तीचा आकडा मिळतो तो नेमका याच टप्प्यात, म्हणून टॉर्कवाढीचा त्याला काहीही लाभ होत नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त घसरण.

ही घसरण आपल्या नोंदींवरून काढता येते. ताशी १८५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ३०८३ मीटर. त्याला २.०७ ने भागून ३.७३ ने गुणले, की टर्बाइनच्या फेऱ्या ५५५६ येतात. इंजिन ५८०० वर होते, म्हणजे जुन्या कन्व्हर्टरची घसरण ४.२ टक्के. ताशी १७७ किलोमीटरवर याच रीतीने टर्बाइनच्या फेऱ्या ५३१६ येतात, म्हणजे नव्याची घसरण ८.३ टक्के. इंजिनाची ताकद तीच राहिली असे धरून ३७२ ला ५३१६ ने गुणून ५५५६ ने भागावे. उत्तर ३५६ येते. रोलरने ३५५ दाखवले. रोलरवर टायरही किंचित घसरतो आणि वेगामुळे फुगतो, हे लक्षात घेता हिशेब याहून जास्त जुळण्याची अपेक्षा ठेवू नये. मापणाऱ्याने गडबड केलेली नाही, आणि इंजिनही बिघडलेले नाही.

मागे चालत गेलो तर कन्व्हर्टरच्या आधी दोन्ही वेळा सुमारे ३८८ अश्वशक्ती होती असे दिसते. त्यातली सुमारे ३२ आता तेलात जिरते, म्हणजे जवळपास २४ किलोवॉटची शेगडी गिअरबॉक्सच्या तोंडाशी पेटवल्यासारखे झाले. पूर्वी ती याच्या निम्मी होती. शर्यतीत ही शेगडी काही सेकंदच पेटते, तथापि गाडी रोज रस्त्यावरही धावणार असेल तर गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवणे हा हौसेचा खर्च समजू नये.

आलेखाच्या सुरुवातीच्या उंचवट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लोकांची फसगत सर्वांत जास्त तेथेच होते. रोलर डायनो टॉर्क थेट मोजत नाही. जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरून किंवा रोलरला लावलेल्या ब्रेकवरून तो शक्ती काढतो आणि त्या शक्तीला फेऱ्यांनी भागून टॉर्क छापतो. प्रश्न असा, की भागायचे कोणत्या फेऱ्यांनी? प्रज्वलनाच्या तारेवर चिमटा लावून इंजिनाच्या खऱ्या फेऱ्या घेतल्या असतील, तर छापलेला टॉर्क इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कमीच दिसेल, कारण कन्व्हर्टरने खाल्लेली शक्ती त्यातून वजा झालेली असते. चिमटा न लावता रोलरच्या वेगावरून फेऱ्यांचा अंदाज घेतला असेल, तर तो अंदाज टर्बाइनच्या मंद फेऱ्यांचा असतो. भाजक लहान झाल्यामुळे स्टेटरने वाढवलेला टॉर्क आलेखावर डोंगरासारखा उभा राहतो. आपल्या पुतण्याच्या आलेखावर उंचवटा आहे, त्या अर्थी तेथे बहुधा दुसरी पद्धत वापरली गेली. हा टॉर्क खोटा नाही, तो टर्बाइनवर खरोखर असतो; मात्र तो इंजिनाचा नाही, आणि आमच्या इंजिनात एवढा टॉर्क आहे असे मित्रांत सांगण्यासाठी तो वापरू नये. अश्वशक्तीच्या रेषेवर या घोळाचा परिणाम होत नाही. तिचे टोक फार तर आडव्या अक्षावर डावी-उजवीकडे सरकते. एकाच गाडीच्या दोन चाचण्यांत एकदा चिमटा लावला आणि एकदा नाही असे झाले, तर टॉर्कच्या दोन रेषांची तुलनाच करता येत नाही.

मग गाडी वेगवान का झाली? कमाल अश्वशक्ती हा शिखराचा आकडा आहे आणि शर्यत शिखरावर उभे राहून जिंकली जात नाही. असे समजा, की इंजिन २२०० फेऱ्यांवर ४५० न्यूटन-मीटर देते आणि ३६०० वर ५००. पहिल्या ठिकाणी त्याची शक्ती सुमारे १०४ किलोवॉट होते, दुसऱ्या ठिकाणी १८८. नव्या कन्व्हर्टरमुळे हिरवा दिवा लागताच इंजिन दुसऱ्या जागी झेप घेते, आणि प्रत्येक गिअर बदलल्यानंतरही फेऱ्या पूर्वीइतक्या खाली पडत नाहीत. संपूर्ण धावेतली सरासरी शक्ती वाढते, शेवटच्या टप्प्यात थोडी कमी पडते. पुतण्याला शर्यतीच्या ठिकाणी मिळणारी चिठ्ठी पाहायला सांगावे : पहिल्या ६० फुटांची वेळ सुधारलेली असेल, आणि शेवटच्या रेषेवरचा वेग मात्र जवळपास तेवढाच किंवा किंचित कमी असेल. तसे दिसले तर एवढ्यावर विषय मिटायला हरकत नाही.

त्याला अजून खात्री हवी असेल तर दोन चाचण्या लागोपाठ घ्याव्यात, एक लॉकअप बंद ठेवून आणि एक चालू करून. लॉकअप क्लच लागला, की इम्पेलर आणि टर्बाइन यांत्रिकरीत्या एक होतात आणि घसरण संपते. अशा वेळी आकडा ३८५ च्या पुढे जायला हवा. पूर्ण थ्रॉटलवर लॉक करण्याची मुभा त्या कन्व्हर्टरच्या उत्पादकाने दिली आहे का, हे मात्र आधी विचारावे. एकाच पातळ चकतीचा लॉकअप एवढा टॉर्क पेलताना जळू शकतो. दोन्ही चाचण्यांत तेलाचे तापमान, टायरमधील हवा, गिअर आणि पाय दाबण्याचा वेग सारखा असावा. लहान कन्व्हर्टर वजनाला हलका असल्याने जड रोलरच्या डायनोवर त्याला अल्पसा फायदाही मिळतो, कारण स्वतःला फिरवायला त्याला कमी शक्ती लागते. मात्र घसरणीच्या तोट्यापुढे तो क्वचितच टिकतो.

प्रश्न : दिग्रस तालुक्यात माझी डिझेल एसयूव्ही आहे, ऑटोमॅटिक, माहितीपत्रकाप्रमाणे १७५ पीएस. नागपुरातील एका गॅरेजमध्ये मे महिन्यात दुपारी रोलरवर तिची शक्ती १३८ अश्वशक्ती आली. माझ्या मावसभावाची त्याच इंजिनाची मॅन्युअल गाडी तेथेच जानेवारीत सकाळी १५० वर गेली होती. माझा टॉर्क कन्व्हर्टर १२ अश्वशक्ती खातो असे समजावे का? बाजारात दुसरा चांगला कन्व्हर्टर मिळेल का?

उत्तर : तसे समजू नये, आणि कन्व्हर्टर बदलण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. वरच्या उत्तरातील गाडी जुन्या बांधणीची होती आणि तिचे लॉकअप बंद होते. आपल्या गाडीसारखे सहा गिअरचे आधुनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खालच्या गिअरपासूनच कन्व्हर्टर लॉक करतात, त्यामुळे कमाल शक्तीच्या क्षणी घसरण नगण्य असण्याची शक्यता जास्त आहे. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप सतत फिरवावा लागतो आणि मोकळे असलेले क्लचही तेलात थोडी ओढ धरतात. मॅन्युअलपेक्षा काही अश्वशक्ती कमी दिसण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

उरलेला फरक ऋतूचा आहे. मे महिन्यातील ४५ अंशांची हवा जानेवारीतील १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ ते दहा टक्क्यांनी विरळ असते. टर्बोचार्जर ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, पण इंटरकूलरला थंड करायलाही तीच तापलेली हवा असते, आणि बंद शेडमध्ये रोलरवर उभ्या गाडीला समोरून वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. उष्णता वाढली, की इंजिनाचा संगणक डिझेल कमी करतो. हवामानाची दुरुस्ती करून छापलेला आकडा आणि दुरुस्तीविना छापलेला आकडा हे दोन वेगळे असतात. आपल्या कागदावर कोणता आहे ते पाहावे. प्रचलित अमेरिकी मानक २५ अंश तापमान गृहीत धरते, आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी ४५ अंशांवर केवळ तापमानापोटी सुमारे चार टक्के भर घालते. टर्बो डिझेलला तेच सूत्र सरसकट लावणे योग्य नाही, तरीही काही ठिकाणी ते लावले जाते.

माहितीपत्रकातील १७५ हा आकडा इंजिनाच्या फ्लायव्हीलवरचा आहे, चाकांवरचा नाही. शिवाय पीएस ही मेट्रिक अश्वशक्ती असून ती ७३५.५ वॅटची असते, तर रोलरवर बहुधा ७४५.७ वॅटची इंग्रजी अश्वशक्ती छापली जाते. १७५ पीएस म्हणजे १७२.६ इंग्रजी अश्वशक्ती. दोन-अडीच अश्वशक्ती तर कागदावरच हरवते.

गिअरचीही चौकशी करावी. ऑटोमॅटिक गाडीत पाय तळापर्यंत दाबला, की गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली उतरतो, आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे व चाकांचे फिरते भाग अधिक झपाट्याने वेग घेत असल्याने शक्तीचा मोठा हिस्सा त्यांनाच फिरवण्यात जातो. मावसभावाची चाचणी चौथ्या गिअरमध्ये आणि आपली तिसऱ्यात झाली असेल, तर तुलना तेथेच संपली. दोन्ही गाड्या हिवाळ्यात एकाच सकाळी, जवळच्या गुणोत्तराच्या गिअरमध्ये मापून घ्याव्यात. माझा अंदाज असा, की फरक निम्म्याहून कमी राहील. ऑटोमॅटिक म्हणजे दुबळी ही समजूतही सोडावी. टोयोटा फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाची कमाल शक्ती दोन्ही प्रकारांत २०४ पीएसच आहे, परंतु टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर दिलेला आहे.

एक सावधगिरीची सूचना. ब्रेक दाबून धरून स्टॉल वेग तपासण्याचा प्रयोग घरी करू नये. सारी शक्ती त्या वेळी तेलात जाते. कार्यशाळेच्या पुस्तिकांतही ही चाचणी मोजक्या काही सेकंदांत आटोपायला सांगितलेले असते.

प्रश्न : आमच्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची पीटीओवरची, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरची, शक्ती कमी का असते? त्यातही असा कन्व्हर्टर आहे का? (रिसोड तालुका)

उत्तर : आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांत तो नसतो, कोरडा घर्षण क्लच असतो आणि तो पूर्ण लागल्यावर घसरत नाही. पीटीओपर्यंतची तूट गिअरांचे घर्षण, तेलाची घुसळण आणि हायड्रॉलिक पंप यांची असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, तिच्या अहवालात पीटीओवर मोजलेली शक्ती स्वतंत्र दिलेली असते. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र निवडताना इंजिनाचा आकडा बाजूला ठेवून तोच पाहावा. आणि तेथेही पीटीओ ५४० फेऱ्यांवर असताना इंजिन किती फेऱ्यांवर आहे, हे तपासावे : काही ट्रॅक्टरांत ५४० फेऱ्या इंजिनाच्या कमाल शक्तीच्या बऱ्याच आधी येतात, आणि मग मळणीच्या ऐन कामात कागदावरच्या शक्तीचा काही भाग हाती लागतच नाही.